अंगठ्याखालचं वाक्य

ताई पडली ती बाथरूमच्या दारात. पडली म्हणजे पुरती पडली नाही. तिनं टॉवेलची दांडी धरली, दांडी भिंतीतून निघून आली, आणि ताई दांडीसकट हळूहळू खाली बसली. कपाळाला टेंगूळ आलं, मनगट मुरगळलं आणि भिंतीला दोन भोकं पडली. यातल्या भोकांचंच तिला जास्त वाईट वाटलं.

भाचीनं फोन केला तेव्हा मामा चहा पीत होते.

"मामा, आईनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात."

"कुणी सांगितलं तिला?"

"डॉक्टर म्हणाले, या आकड्यावर बाई चालत कशा आल्या तेच कळत नाही. आज टेंगळावर निभावलं. पुन्हा असं झालं तर थेट मेंदूत जाईल म्हणाले."

"अगं, मग चालू कर की गोळ्या."

"माझं ऐकतेय होय ती? ती म्हणते, बाळ्यानं सांगितलंय."

बाळ्या म्हणजे मामाच. वय सत्तरीला टेकलं होतं, पण ताईच्या लेखी ते अजून अर्ध्या चड्डीतून बाहेर आले नव्हते.

"मी?" मामा म्हणाले. "मी तिला जन्मात काही सांगितलेलं नाही. बोलू कधी दिलंय तिनं मला?"

"तोंडानं नाही सांगितलंस. पुस्तकावर सांगितलंयस. मागच्या बाजूला." भाची थांबली. "'गोळ्यांना सुट्टी' नाव आहे पुस्तकाचं."

मामांनी डोक्याला ताण दिला. या नावाचं पुस्तक त्यांनी वाचल्याचं त्यांना आठवेना. पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

मामांनी वर्तमानपत्राचं पुस्तकांचं पान इतकी वर्षं सांभाळलं होतं, की निवृत्त झाल्यावरही लोकांना त्यांचं मत हवं असे. मत म्हणजे फार काही नाही. पुस्तकाच्या पाठीवर छापायला एक वाक्य. सुरुवातीला ते पुस्तक वाचून वाक्य लिहीत. मग अर्धं वाचून लिहू लागले. मग प्रस्तावना आणि शेवटचं पान यांवर भागू लागलं. पुढं त्यांच्या लक्षात आलं, की वाक्यात काहीच फरक पडत नाही; उलट पुस्तक वाचलेलं नसलं की वाक्याला एक प्रकारचा मोकळेपणा येतो. लेखक खूश, प्रकाशक खूश, आणि वाचकानं कधी तक्रार केली नव्हती. धंद्यातले लोक त्यांना 'शिक्केसाहेब' म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण मामांना ते आवडे.

अलीकडं तर त्यांनी आणि प्रकाशकानं मिळून एक सोय करून घेतली होती. मामा अधूनमधून प्रकाशकाच्या कार्यालयात जात, चहा घेत आणि एका बैठकीत डझनभर वाक्यं सांगून मोकळे होत. टायपिस्टबाई ती उतरवून घेत. कुठल्या पुस्तकासाठी, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पुढं पुस्तकं येत तशी वाक्यं लावली जात; शिंप्याच्या डब्यातली बटणं कशी हाताला येतील तशी लावतात, तसं. मामांची अट एकच होती: कवितासंग्रहाला 'थरारक' लावायचं नाही. ती एकदा मोडली गेली, आणि तो संग्रह बऱ्यापैकी खपला.

चहा तसाच टाकून मामा निघाले. ताईचं घर गाठण्याआधी ते प्रकाशकाकडं गेले. आपण काय म्हणालो आहोत हे कळल्याशिवाय ते खोडायचं कसं?

प्रकाशकाच्या कार्यालयात खुर्ची एकच होती, आणि तिच्यात प्रकाशक होता. बाकी मंडळी न खपलेल्या गठ्ठ्यांवर बसत. मामा आपल्या नेहमीच्या, एका चार खंडी आत्मचरित्रावर बसले.

"'गोळ्यांना सुट्टी' दाखव."

प्रकाशकानं प्रत काढून दिली. पुढं एक हसतमुख गृहस्थ कचऱ्याच्या टोपलीत गोळ्यांची बाटली रिकामी करत होता. तोच लेखक. पूर्वी पडद्यांचं दुकान होतं त्याचं, असं प्रकाशकानं कौतुकानं सांगितलं. मामांनी पुस्तक उलटं केलं. पाठीवर ठळक अक्षरांत होतं:

'मी स्वतः बदललो. तुम्हीही आजच सुरुवात करा. उद्यावर टाकण्याइतकं आयुष्य मोठं नाही.'

खाली मामांचं नाव, आणि त्याखाली 'ज्येष्ठ समीक्षक'.

"हे मी कशासाठी सांगितलं होतं?" मामांनी विचारलं.

टायपिस्टबाईंनी मान वर केली. "तुम्ही म्हणाला होतात, बाई, पहाटे फिरायला जाण्यावर एखादं पुस्तक आलं तर लावा."

"फिरायला जाण्यावर आलंच नाही साहेब," प्रकाशक म्हणाला. "वाक्य पडून होतं. म्हटलं, आरोग्याचंच आहे."

"माझ्या बहिणीनं गोळ्या सोडल्या. मरता मरता वाचली."

"अरेरे. पुस्तक वाचून?"

"पाठ वाचून."

प्रकाशकानं थोडा विचार केला. "मग तसा लेखकाचा काही दोष नाही," तो म्हणाला.

"ते वाक्य काढून टाक."

"पुढच्या आवृत्तीला काढतो की. ही संपू दे."

"संपतेय?"

"तुमच्यामुळं झकास चाललीय, साहेब. एक आजोबा तर इथं येऊन सहा प्रती घेऊन गेले. सगळ्या भावंडांना द्यायच्या म्हणाले."

मामांचं लक्ष समोरच्या गठ्ठ्याकडं गेलं. कमरेएवढा होता. इतकी वर्षं आपलं वाक्य पुस्तकाच्या पाठीवर जाऊन बसतं, एवढंच त्यांनी धरलेलं होतं. तिथून उठून ते कुणाच्या घरात जातं, औषधाच्या कपाटापर्यंत पोचतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्या सहा भावंडांपैकी किती जणांना काय काय होतं, कोण जाणे. मामांना एकदम आत्मचरित्र बोचायला लागलं.

"किमतीच्या चिठ्ठ्या आहेत ना तुझ्याकडं? चिकटवायच्या?" ते म्हणाले. "त्या वाक्यावर लाव. आत्ता, माझ्यासमोर."

"साहेब, पाठ विद्रूप दिसेल."

"आणि दुकानांत गेलेत तिथं फोन कर. नाहीतर माझं उरलेलं एकही वाक्य वापरायचं नाही. डबा रिकामा."

ही धमकी लागू पडली. प्रकाशक नाराजीनं फोनकडं वळला, आणि टायपिस्टबाई मुकाट्यानं चिठ्ठ्या लावू लागल्या. त्यांनी पहिली चिठ्ठी लावली ती मामांच्या नावावर. 

ताईच्या घरात शिरलं की आधी शिवणयंत्र दिसे. यंत्रावर तिनं स्वतः शिवलेली खोळ होती, आणि खोळीला झालर होती. जन्मभर तिनं एका जिन्याखालच्या खोलीत लोकांचे कपडे शिवले. हात कापायला लागले तेव्हा शिवण सोडलं, आणि कुणालाही न सांगता लिहायला बसली. गिऱ्हाइकांबद्दलच लिहिलं, दुसरं तिला माहीत नव्हतं. पुस्तकाचं नाव 'मापं'. मामांच्याच प्रकाशकानं ते काढलं होतं, बारीकसं. यंत्राशेजारच्या काचेच्या कपाटात त्याची एक प्रत उभी होती, पण उलटी. नाव भिंतीकडं, पाठ माणसांकडं. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी मामांचं वाक्य दिसावं, म्हणून.

ताई पलंगावर बसली होती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, मनगटाला पट्टा.

"आलास? ही बघ, हिनं तुला कामाला लावलं," ती भाचीकडं हनुवटी उडवून म्हणाली. भाची भिंतीला टेकून उभी होती. रडून झालं होतं, आणि आता तिला फक्त राग येत होता.

"ताई, मी ते पुस्तक वाचलेलं नाही," मामा म्हणाले. बसायच्या आधीच म्हणाले, न जाणो बसल्यावर धीर झाला नसता.

"कुठलं?"

"गोळ्यांचं. नावसुद्धा आज कळलं मला. वाक्य दुसऱ्याच कशासाठी तरी होतं, प्रकाशकानं तिथं चिकटवलं."

ताईनं भावाकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं. "किती वेळ लागला गं तुला, ह्याला हे पढवायला?"

"आई, अगं खरं सांगतोय तो."

"बाळ्या, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. आत्ता झालेत."

"जिना चढून आलोय, म्हणून झालेत."

"हे बघ," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज समजुतीचा झाला, लहानपणी त्यांना अंगरखा घालताना व्हायचा तसा. "मला अक्कल आहे. नुसत्या पडदेवाल्याचं मी ऐकलं नसतं. माणूस फोटोत फार हसतोय, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण मागं तू होतास. कशावर विश्वास ठेवायचा, हे मला शिवणात कळतं. पुस्तकात नाही कळत. म्हणून मी तुझं बघते. माझ्या पुस्तकावर तू जे लिहिलंस ते खरं लिहिलंस ना? मग तोच माणूस, तोच प्रकाशक, छापलेलं पण त्याच जागी. एक खरं आणि एक खोटं कसं असेल?"

मामा बसले. यातून वाट कुठून निघते ते त्यांना दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं, असं वाटलं.

कारण 'मापं' त्यांनी वाचलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. छापायला जाण्यापूर्वीचे कागद पिशवीत घालून ते बँकेत गेले होते, रांगेत उभ्या उभ्या पहिलं पान उघडलं, आणि त्यांचा नंबर येऊन गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. प्रकाशक म्हणाला होता, घरचंच आहे साहेब, डब्यातलं एखादं लावून टाकू. तर मामा त्याच्यावर चिडले होते. त्या एका वाक्यासाठी त्यांनी आठवडाभर कागद फाडले. 'शेवटच्या पानाशी पोचलो आणि पुन्हा पहिल्यावर गेलो. इतक्या थोड्या शब्दांत इतकी माणसं उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.' कित्येक वर्षांत त्यांनी लिहिलेलं हे एकच वाक्य दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला बसलं नसतं.

"आई, निदान आजची तरी घे," भाची म्हणाली. गोळ्यांची पट्टी तिच्या मुठीत होती.

"अजिबात नाही. त्यात लिहिलंय, मध्येच घेतली की सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि पडले ते पाय घसरून."

"जमीन कोरडी होती, आई."

"मी ओली होते."

भाचीनं मामाकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि तिच्यामागं अशी धमकीही होती की हिला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही. मामांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"ताई," ते म्हणाले, "तुझंही नव्हतं वाचलं."

"काय नव्हतं वाचलंस?"

"'मापं'."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची पीं-पीं चालू होती, ती थांबली.

"उगाच," ताई म्हणाली.

"उगाच नाही. मी कुणाचीच वाचत नाही. वाक्यं सांगतो नुसती. तो लावतो कुठंही. तुझ्यावरचं तसंच लागलं."

"शेवटच्या पानाशी पोचलास म्हणून लिहिलंयस."

"सगळ्यांनाच तसं लिहितो."

ताईनं पट्ट्यातला हात दुसऱ्या हातात घेतला. तिचा अजून विश्वास बसला नव्हता; पण कापड उजेडाशी धरून विरलंय का ते बघावं, तशी ती भावाकडं बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "मग मला सांग. ती कोटवाली बाई. तिनं मला काय सांगितलं होतं?"

मामांना ती बाई माहीत होती. चाळिसाव्या पानाच्या आसपास होती ती. नवरा गेल्यावर त्याचा कोट घेऊन ताईच्या खोलीत आली होती. माझ्या मापाचा करून द्या म्हणाली. ताईनं खांदे उसवले, कंबर आत घेतली, आणि बाह्यांवर खडूनं खूण करायला गेली, तेव्हा ती बाई म्हणाली, बाह्या तेवढ्या कापू नका. त्या त्यांच्याच हाताएवढ्या असू द्या. पुढं ताईनं एवढंच लिहिलं होतं, की ती बाई हिवाळाभर तो कोट घालून रस्त्यानं जाताना दिसायची, आणि बाह्यांच्या टोकाला तिचे हात दिसायचे नाहीत. रांगेत मामांचा नंबर गेला तो याच पानाला.

वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडलं असतं.

"कुठली कोटवाली?" मामा म्हणाले.

"आहे एक."

"शिवायला आली होती का?"

"माझ्याकडं लोक शिवायलाच यायचे, बाळ्या."

"मग..." मामांनी आठवल्यासारखं केलं. "घट्ट झाला म्हणाली असेल. सैल करून द्या म्हणाली."

ताईनं मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. मग ती बराच वेळ खोळीच्या झालरीकडं पाहत राहिली.

"कान लाल नाही झाले तुझे," ती शेवटी म्हणाली.

मामांना वाटलं, आपले कान आयुष्यात प्रथमच आपल्याशी असे वागले.

"दे गं ती गोळी," ताई मुलीला म्हणाली. "आणि पाणी कोमट आण. नुसतं थंड घशात अडकतं."

भाची पाणी आणायला गेली. मामाच्या जवळून जाताना ती क्षणभर थांबली. तिनं 'मापं' दहा वेळा वाचलं होतं, आणि मामानं तिच्यासाठी आत्ता जे काम केलं होतं त्याबद्दल त्याचे आभार मानावेत की त्याच्याशी पुन्हा कधी बोलूच नये, हे तिला ठरवता येत नव्हतं. मग ती आत गेली. भाचीलाही खरं सांगण्यात अर्थ नव्हता, हे मामांना कळत होतं. आज ना उद्या, भांडता भांडता, ते ताईच्या कानावर गेलंच असतं. मग एक खरं म्हणून दुसरंही खरं, आणि गोळ्या पुन्हा कपाटात.

ताईनं गोळी घेतली. दोन घोट पाणी प्याली. जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी. पण हसली नाही.

"उद्यापासून रोज येऊन बघ," ती भावाला म्हणाली. "घेतली का नाही ते. बघ, आणि जा. मत देऊ नकोस."

"येईन."

"आणि त्या पडदेवाल्याचं पुस्तक रद्दीत घाल गं."

"तू दुसरं लिहीत होतीस ना?" मामांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते होय. बघू. डोळ्याला त्रास होतो."

मग ती उठली. भाची धरायला धावली, तिला तिनं बाजूला केलं. यंत्राच्या खणातून तिनं खाकी कागद काढला; मापाचे नमुने कापायचा, जाड. काचेचं कपाट उघडून 'मापं' बाहेर घेतलं. पलंगावर कागद पसरला, त्यावर पुस्तक ठेवलं, डोळ्यांनीच माप घेतलं आणि कात्री चालवली. मुरगळलेल्या हातानंही तिची कात्री सरळ गेली.

"कशाला आता?" भाची म्हणाली.

"धूळ बसते," ताई म्हणाली.

एका हातानं घडी धरवेना, तेव्हा तिनं भावाकडं न बघताच म्हटलं, "हे धर जरा."

मामा पलंगाशी ओणवे झाले आणि त्यांनी पुस्तक दाबून धरलं. पाठ वर होती. ताईनं पुढची बाजू मुडपली, कोपरे आत घेतले, नखानं घडी पाडली. कागद पाठीवरून वर यायला लागला. तो आला तसं आधी प्रकाशकाचं नाव गेलं, मग 'ज्येष्ठ समीक्षक' गेलं, मग मामांचं नाव. त्यांचा अंगठा बरोबर वाक्यावर होता, आणि कागद त्याच्यापाशी येऊन अडला.

"अंगठा काढ," ताई म्हणाली.

मामांनी काढला.